पद्मिनीचं री-पासिंग: जुनी गाडी आरटीओत नेण्याआधी काय काय बघायचं

जुनी गाडी तपासणीत अडकते ती बहुतेकदा वयामुळे नाही, उभी राहिल्यामुळे. गाडी सहा-सहा महिने जागेवरून हलत नाही, तेव्हा ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, व्हील सिलेंडरमधला पिस्टन जागीच धरतो, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनमधलं ग्रीस वाळतं आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी डिंक साचतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी दरवर्षी फिटनेसला उभ्या राहायच्या आणि पास व्हायच्या, कारण त्या रोज धावत होत्या आणि त्यांचं ग्रीसिंग चुकत नव्हतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिला बाहेर काढलं ते वयाच्या नियमाने.

खाजगी पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८०० असेल, तर महाराष्ट्रात अशी वयाची भिंत नाही. नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, म्हणजेच री-पासिंग. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते. आपल्याकडे अशी सूट नाही, आणि खरं सांगायचं तर नाही तेच बरं. चाळीस वर्षांच्या गाडीखाली पाच वर्षांतून एकदा तरी कुणी वाकून बघितलंच पाहिजे.

आधी कागद, मग पाना

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. मुदत उलटली की खाजगी कारला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढतं. चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० केलं, आणि आयात केलेल्या गाडीसाठी ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. चालू विमा, चालू पीयूसी आणि थकलेली ई-चलानं भरलेली असणं हे गृहीतच धरलेलं असतं. २०१९ च्या एप्रिलपूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते.

खरी गोम असते ती जुन्या आरसी बुकात. एमएच-०१ वगैरे मालिका सुरू होण्याआधीची, एमएमसी किंवा एमआरएचसारख्या तीन अक्षरांची गाडी असेल, तर तिची नोंद ‘वाहन’ या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आहे का ते घरबसल्या आधी तपासा. नसेल, तर मूळ आरटीओत जुनी नोंद प्रणालीत चढवून (बॅकलॉग एंट्री) घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. हे न करता गाडी तपासणीला नेली, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी परत यावं लागतं.

आरसीतला प्रत्येक रकाना गाडीशी ताडून बघा: रंग, इंधन, इंजिन नंबर, आसनसंख्या. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडरमध्ये कधीकाळी डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाट होती. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर आधी फेरफाराची मंजुरी आणि नोंद हवी. गॅस किटचंही तसंच. सीएनजी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. किट वापरात नसेल, तर ते काढून आरसीवरची नोंदही रद्द करून घ्या. डिकीत नुसता पडून असलेला जुना सिलेंडर हे गाडी अडवायला पुरेसं कारण आहे.

५० वर्षांवरच्या गाडीसाठी दुसरा रस्ता आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती १० वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. १९७४ पासूनच्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण रविवारी कुटुंबाला घेऊन अलिबागला जायचं असेल, तर ही नोंदणी घेऊ नका. साध्या नूतनीकरणातच राहा.

चेसिस नंबर

निरीक्षक सगळ्यात आधी बघतो तो नंबर, आणि निम्म्या जुन्या गाड्यांत तो रंगाच्या तीन-चार थरांखाली गाडलेला असतो. रिव्हेटने लावलेली प्लेट वेगळी आणि पत्र्यात ठोकलेला नंबर वेगळा. बघितला जातो तो ठोकलेला. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर अजिबात लावू नका, अक्षरांच्या कडा गेल्या तर पुढे शंका येते. पेंट रिमूव्हर लावून दहा मिनिटं थांबा, पितळी ब्रशने घासा, रॉकेलने पुसा. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने छाप घ्या. प्रत्येक अंक सुटा दिसला पाहिजे. इंजिन ब्लॉकवरच्या नंबरालाही हेच करा, तिथे रंगापेक्षा तेल-मातीचा थर जास्त असतो.

गंजाने एखादा अंक खाल्ला असेल, तर स्वतः पंच मारू नका. तो गुन्हा ठरतो. आरटीओकडे लेखी अर्ज करून परवानगीनेच पुन्हा पंचिंग होतं. काम झाल्यावर त्या जागी रंग नको, पारदर्शक लॅकर किंवा ग्रीसचा पातळ हात पुरे.

ब्रेक: पैसे इथे घाला

पेंटला चाळीस हजार आणि ब्रेकला चार हजार, हे गणित नेहमीचं आहे आणि ते उलटं पाहिजे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, दाब हायड्रॉलिक. जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाचं सिलेंडर गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो.

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि पूर्ण मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर मास्टर सिलेंडरचे रबर आतल्या आत दाब सोडताहेत. पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर येत असेल, तर ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) झिजलेत किंवा अ‍ॅडजस्टमेंट ढिली आहे. ही तीन लक्षणं नीट ओळखली तर विनाकारण मास्टर सिलेंडर बदलण्याचा खर्च वाचतो.

चारही ड्रम उघडाच. व्हील सिलेंडरचं रबरी टोपण सोलून आत बघा. ओलसर असेल तर सिलेंडर गळतंय. बोअर (सिलेंडरची आतली भिंत) चकचकीत असेल तरच नुसतं रबराचं किट टाका. नखाला खड्डे लागत असतील तर अख्खं सिलेंडर बदला, कारण खड्ड्यांवर नवं रबर पुन्हा कापलं जातं. ब्रेक ऑइल प्यायलेला शू पेट्रोलने धुऊन वापरता येतो हा गैरसमज आहे. गरम झाला की तेल पुन्हा वर येतं आणि त्या बाजूचा ब्रेक कमी धरतो. शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. पेडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही, तो लेथवर घ्यावा लागेल. पण आधी दोन-तीनदा घेतलेला असेल तर भिंत पातळ झालेली असते, मग नवाच बरा.

रबरी होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगतात. लक्षण ठरलेलं आहे: पाय काढल्यावरही एक चाक धरून राहतं, ड्रम हाताला पोळतो आणि गाडी एका बाजूला ओढते. दहा वर्षांवरचा होज न तपासता बदला. लोखंडी पाईप क्लिपच्या खाली गंजतात, म्हणून प्रत्येक क्लिप सोडवून बघा. पाईप बदलायचा झाला तर एसी-फ्रीजवाल्याची तांब्याची नळी कुणी सुचवेल. ती नको. कंपनाने ती कडक होऊन तडकते. स्टीलचा ब्रेक पाईपच घ्या, टोकं डबल फ्लेअर करून.

मग हवा काढा. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. भरायला अर्धा लिटर पुरतं, पण जुनं तेल पूर्ण काढायचं असल्याने सीलबंद एक लिटर डॉट ३ घ्या. प्रत्येक निपलमधून स्वच्छ तेल येईपर्यंत चालू ठेवा. कधीपासूनचा उघडा डबा वापरू नका.

शेवटी मोकळ्या मैदानात ताशी ३० वेगाने सरळ जाऊन स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला वळली, तर ज्या बाजूला वळली त्याच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी धरतोय. रोलरच्या यंत्रावर तपासणी होते तिथे डाव्या-उजव्यातला हाच फरक आकड्यात दिसतो आणि तिथे चालवणाऱ्याचं कौशल्य कामाला येत नाही. हँडब्रेकची परीक्षा चढावर करा. गाडी न्यूट्रलमध्ये जागेवर थांबली पाहिजे. केबल कडक असेल तर नुसती ताणू नका, काढून तेल पाजा.

स्टिअरिंगची ढिलाई आणि किंगपिन

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे स्टिअरिंगच्या चाकाला ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी हालचाल चालत नाही. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत, आणि नट-पिना लॉक केलेल्या हव्यात. फाटलेली टोपी आणि नसलेली स्प्लिट पिन या दोन गोष्टी काही रुपयांच्या, पण खाली वाकलेल्या माणसाला लगेच दिसणाऱ्या.

ढिलाई कुठे आहे ते शोधायची पद्धत अशी. पुढचं चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खळखळ जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खळखळ थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिली तर किंगपिन-बुश गेलेत. आता चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथली ढिलाई टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्समधली. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून हलवलं की नेमका सांधा हाताला कळतो.

किंगपिनचं ग्रीसिंग चाक वर उचलूनच करा. चाक जमिनीवर असताना वजनाने एका बाजूची फट बंद असते आणि ग्रीस तिथे पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत गन मारा. निपल बंद असेल तर तो बदला, आजूबाजूला ग्रीस फासून काही होत नाही. बुश बदलले तर रीमिंग नीट करणारा माणूस शोधा. घट्ट बसलेल्या किंगपिनमुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि चालवणाऱ्याला वाटतं टायरमध्ये हवा कमी आहे.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई घालवायचा मोह टाळा. बॉक्सची झीज मधल्या भागात सर्वांत जास्त असते. मध्यावर ढिलाई पूर्ण जाईल इतका आवळला, तर चाकं पूर्ण वळवताना तो अडकतो. चाकं सरळ ठेवून पाव-पाव फेरा, आणि दर वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. मारुती ८०० ला बॉक्स नाही, रॅक आहे. तिथे रबरी बेलो फाटलेत का ते बघा.

टायरची नक्षी किमान १.६ मि.मी. हवी. उभ्या गाडीत नक्षी भरपूर असते, पण बगलेला चिरा पडलेल्या असतात. बगलेवरचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

गंज

कोकणपट्टीतली गाडी आणि सोलापूरची गाडी यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार घेते. त्यामुळे दाराखालची पेटी, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॅटरीखालचा ट्रे आणि मॅटखालचा फ्लोअर कुजला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला बद्द वाजतो. लोहचुंबकाने लांबीची जागा लगेच कळते.

भार घेणाऱ्या जागी लांबी किंवा फायबर चालणार नाही. कुजका पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापा, १८ गेजचा तुकडा घाला आणि सीओटू वेल्डिंगने कडेकडेने पूर्ण सांधा. चार टाके मारून वर सीलंट लावलं, तर पहिल्या पावसाळ्यात पाणी आत जातं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडा, मॅट-नमदे बाहेर काढा, पेट्रोलचा पाईप आणि टाकी बाजूला करा. अंडरबॉडी कोटिंग वेल्डिंग, प्रायमर आणि पूर्ण सुकल्यानंतरच. गंजावर डांबरी थर मारला की ओलावा आत कोंडतो आणि पत्रा अधिक लवकर जातो. शिवाय तपासणीच्या आदल्या दिवशी मारलेलं ताजं काळं कोटिंग बघून निरीक्षक मुद्दाम तिथेच ठोकून बघतो.

दिवे

जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. बल्बच्या टोकाला व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर रिले बसवा आणि अर्थिंगची जागा घासून नवी वायर लावा. मंद दिवा मोठ्या वॅटच्या बल्बाने सुधारत नाही, स्विच मात्र वितळतो. डायनॅमोच्या गाडीत आयडलिंगला दिवे मंद असणारच, थोडी रेस देऊन मोजा.

डिपरचा झोत: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवता कामा नये. संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून जुळवा, मागच्या सीटवर नेहमीचं वजन ठेवून. ब्रेक लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा, मागचे लाल रिफ्लेक्टर, हॉर्न आणि वायपर एकेक करून चालवून बघा. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकत असेल, तर मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलंय. काचांवर फिल्म असेल तर काढा. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोणत्याही टक्केवारीची फिल्म बंद केली.

धूर

भारत स्टेज २ या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर मर्यादा आहे: कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. स्टेज २ आणि ३ च्या गाडीला ०.५ टक्के आणि ७५०. मोनॉक्साइडमध्ये सहापटींचा आणि हायड्रोकार्बनमध्ये दुपटीचा फरक आहे, म्हणून पीयूसीवाल्याने गाडीचा टप्पा बरोबर निवडलाय ना, ते स्क्रीनवर बघा.

कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी एअर फिल्टर, मग थंड इंजिनवर कंपनीच्या मापाने टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४५ मि.मी.च्या आसपास, प्लगची ०.६, मग टायमिंग. पॉइंटची फट बदलली की टायमिंग हलतं, म्हणून हा क्रम. त्यानंतर इंजिन पूर्ण तापवा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड फेरा उघडा, तिथून आयडलिंग सर्वांत गुळगुळीत चालेल तिथे आणा आणि किंचित आवळा.

आकडे काय सांगतात तेही वाचता आलं पाहिजे. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त: चोक पूर्ण उघडत नाही, फ्लोटची पातळी वर आहे, नीडल व्हॉल्व्ह गळतोय. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: प्लग मिसिंग, व्हॉल्व्ह गळती किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा. दोन्ही संशयास्पद कमी, तर सायलेन्सरला भोक आहे आणि बाहेरची हवा मिसळतेय. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. मोनॉक्साइड उतरतो, पण आयडलिंग अडखळतं आणि हायड्रोकार्बन चढतो. तेव्हा मिक्श्चर थोडं उघडावं लागतं. जुने रबरी पेट्रोल पाईप आणि पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉलला टिकत नाहीत, ते इथेनॉल चालणारे घ्या.

सुरू करताना क्षणभर निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर सतत निळा म्हणजे रिंगा. पहिलं जमवून घेता येतं, दुसऱ्याला इंजिन उघडावं लागतं.

तपासणीच्या दिवशी

आदल्या दिवशी गाडी खालून धुवा, पण ड्रममध्ये पाणी जातं म्हणून नंतर दोन-चार किलोमीटर ब्रेक मारत चालवा. नेताना पंधरा-वीस मिनिटांचा फेरा घ्या, म्हणजे इंजिन तापलेलं असेल. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, कराच्या पावत्या, अर्ज आणि चेसिसची पेन्सिल छाप ठेवा. जादा फ्यूज, दोन बल्ब आणि चेसिस नंबर दाखवायला टॉर्च बरोबर असू द्या.

नकार मिळाला तर नेमकं कारण लेखी मागा. ‘कंडिशन खराब’ एवढ्यावर दुरुस्ती होत नाही. ‘उजवा मागचा ब्रेक कमी’ यावर होते. पास झाल्यावर ‘वाहन’वर नवी मुदत चढलेली दिसेपर्यंत शुल्काची पावती गाडीतच ठेवा.